माणशी बावीस युरो

आल्या आल्या ओस्मोने बूटसुद्धा न काढता खिडकीखालच्या रेडिएटरवर हात ठेवला.

"चांगला गरम आहे," तो म्हणाला. त्याला तो गार निघाला असता तर बरं वाटलं असतं, असा त्याचा आवाज होता.

"मेंटेनन्समध्येच येतं ते," बाबा म्हणाले. "बूट काढ. काल पुसलीय फरशी."

माझा भाऊ ओस्मो आणि त्याची बायको तुइरे एस्पोहून पाचशे किलोमीटर गाडी हाकत आले होते. मी आदल्या दिवशीच ताम्पेरेहून आले होते. रौहा आत्या तिच्या खेड्यातून सकाळच्या बसने आली होती. येताना तिने पिशवीभर मुइक्कू आणले होते, बोटाएवढे तळ्यातले मासे, आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतून ठेवले होते. साफ करायला कोणीच हात लावला नव्हता. मुइक्कू आईच साफ करायची. नळ पूर्ण सोडून, एकेक मासा धारेखाली धरून, तासतासभर. बाबा ओरडायचे, "सायमा, अख्खं पिएलिनेन तळं इथं आणतेस का?" आणि आई मागे न बघता म्हणायची, "माणशी पैसे भरतो ना आपण? माझ्या वाट्याचं मी वापरतेय."

आईला जाऊन नऊ महिने झाले होते.

सहा वाजता तळघरात सोसायटीची सभा होती. विषय एकच, पाइप. इमारत पन्नास वर्षांची, भिंतींतले सगळे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलायच्या की नाही यावर मतदान. बदलायच्या ठरल्या तर सोसायटी कर्ज काढणार आणि प्रत्येकाचा मेंटेनन्स पंचवीस वर्षांसाठी जवळजवळ दुप्पट होणार. नाही ठरल्या तर ज्यांना जाता येईल ते जाणार, आणि उरलेल्यांना मॅनेजर एक दिवस सांगणार की बी जिना बंद. आमच्या लिएक्सात दोन इमारती अशाच गेल्या होत्या. तिथल्या खिडक्यांना आता फळ्या ठोकलेल्या आहेत.

बाबांना मत द्यायचं होतं, बदला म्हणून. पण बी-१२ हे घर निम्मं आईच्या नावावर होतं, आणि तो निम्मा वाटा आता माझा आणि ओस्मोचा होता. घर एक म्हणून मतही एक, आणि ते द्यायला आम्हा दोघांचं अधिकारपत्र हवं होतं. ते पत्र टेबलावर साखरेच्या भांड्याखाली ठेवलेलं होतं. माझी सही त्यावर झाली होती. ओस्मोची जागा कोरी होती.

"आधी बोलू," ओस्मो म्हणाला.

"बोला की," आत्या म्हणाली. "पण हवेत भांडू नका. कुणाचं घर महिन्याला किती खातं ते आधी कागदावर येऊ दे." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान टरकन फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "हेल्का, तू लिही. तुझं अक्षर वाचता येतं."

अशी ती यादी सुरू झाली. कॉफी ओतली गेली, आत्याने आणलेले पिराके, पातळ पारीत भात भरून भाजलेले, गरम झाले, त्यावर अंडं-लोणी फासलं गेलं. थोडा वेळ तो एखाद्याच्या वाढदिवसाचा दिवस वाटला.

"माझं पहिलं लिही," आत्या म्हणाली. "नव्वद."

"नव्वद काय?"

"युरो. महिन्याला. वीज, विहिरीच्या पंपाची वीज धरून, कचरा, विमा. बस."

"आणि ऊब?"

"लाकडं माझ्याच रानातली. फुकट."

"फोडतं कोण?" बाबांनी विचारलं.

आत्याने पिराका तोंडात घातला.

"गेल्या शरदात कोणी फोडली, रौहा? आणि त्याच्या आधीच्या?"

"तू फोडलीस. मी कधी नाही म्हटलं? म्हणूनच तर म्हणतेय, माझ्याकडे राहायला ये. वरची खोली रिकामी आहे. नव्वदचे एकशे दहा होतील फार तर."

"बघा," बाबा मला म्हणाले, "बहिणीला भाऊ नकोय, कुऱ्हाड हवीय."

सगळे हसले, आत्या सर्वांत मोठ्याने. पण गेल्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावर पडली होती आणि पाऊण तास तिथेच होती, हे तिने फक्त मला सांगितलं होतं. ती हसत होती तेव्हा तिचा हात टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर होता. मी नव्वद लिहिलं आणि पुढे लाकडांची एक लहानशी फुली मारली.

माझं ताम्पेरेचं भाडं आठशे पंधरा, पाणी-वीज धरून आठशे सदुसष्ट. आत्याने ते दोनदा वाचायला लावलं. "दोन खोल्यांचे? आणि त्या तुझ्या होतसुद्धा नाहीत?"

"होत नाहीत."

"मग नक्की कसले पैसे देतेस तू?"

"ट्रॅमच्या थांब्याचे," मी म्हणाले.

ओस्मोने त्याचा आकडा सांगितला, सहाशे चाळीस. रांगेतलं घर, मेंटेनन्स, वीज, पाणी, गाडीची जागा. मग त्याने टॅब्लेट काढून बाबांसमोर ठेवली. त्याने एस्पोत त्यांच्यापासून दहा मिनिटांवर एक खोलीचं भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. खाली किराणा दुकान, शेजारी दवाखाना, लिफ्ट. महिना नऊशे.

"आणि इथं," तो म्हणाला, "आत्ता तीनशे एकोणऐंशी. पाइप बदलले की साडेसहाशे. बाबा, साडेसहाशे तुम्ही अशा घराला देणार जे उद्या कोणी बारा हजारालाही घेणार नाही. शेजारची तीन घरं रिकामी आहेत. त्यांच्या मालकांनी पैसे भरायचे थांबवले की ते तुमच्या डोक्यावर. सहाशे पन्नासचे आठशे कधी होतील तुम्हाला कळणारही नाही."

"नऊशेपेक्षा आठशे कमीच," बाबा म्हणाले.

"पण ते नऊशे वाया जात नाहीत."

"भाडं वाया जात नाही? हेल्काला सांग ते."

"ओस्मो," तुइरे म्हणाली. इतका वेळ ती शांतपणे कप पुसत होती, ते आधीच स्वच्छ होते तरी. "आपला आकडा खरा सांग."

"खराच आहे."

"कर्ज धर त्यात."

"कर्ज हा घरखर्च नाही. ती बचत आहे. घर आपलं होतं त्यातून."

"तुझ्या वडिलांच्या घराचं कर्ज तू धरलंस. आपलं नाही धरलंस." ती माझ्याकडे वळली. "दोन हजार पाचशे दहा लिही, हेल्का."

ते मी लिहिलं. बराच वेळ त्या आकड्याकडे कोणी बघितलं नाही, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

तुइरेने मला पुढे सांगितलं की येताना गाडीत तिने ओस्मोला शब्द दिला होता, आज मी तुझ्या बाजूने. सप्टेंबरमध्ये त्यांचा व्याजदर नव्याने ठरला तेव्हा ओस्मो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून वीस मिनिटं बसून राहिला होता. सामान आणायचं विसरून तसाच घरी आला होता. त्याला वाटत होतं की इथले पाइप, इथलं कर्ज, इथली रिकामी घरं हळूहळू पाचशे किलोमीटर सरकत येतील आणि त्याच्या दारात उभी राहतील. बाबांनी घर सोडलं तर निदान आकडा माहीत असेल. आणि माणूस डोळ्यांसमोर असेल. हे त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही. तो टॅब्लेटवर बोट फिरवत राहिला. मग त्याने बाबांच्या मेंटेनन्सचं बिल मागितलं, निदान तीनशे एकोणऐंशी तरी बरोबर आहेत का बघू म्हणून.

ब्रेडच्या डब्यामागून ते मीच काढून दिलं. दिलं नसतं तर, असं मला त्यानंतर अनेकदा वाटलं आहे.

"दोनशे पंच्याऐंशी मेंटेनन्स," तो वाचू लागला. "वीज एकतीस. सौनाची पाळी बारा. गाडीचं इंजिन गरम करायचा विजेचा खांब सात. पाणी माणशी बावीस, गुणिले..." तो थांबला. "गुणिले दोन?"

बाबा उठून खिडकीशी गेले. साडेतीनलाच अंधारून आलं होतं. खाली अंगणातला दिवा लागला होता आणि पडणारा बर्फ खाली पोचण्याआधीच पाणी होत होता.

"नऊ महिने तुमच्याकडून जास्तीचे घेतायत हे लोक," ओस्मो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. चूक दुसऱ्याची निघाली की तो नेहमीच असा खुलतो. "जवळजवळ दोनशे युरो. आणि यांच्या हातात तुम्ही पंचवीस वर्षांचं कर्ज देणार?" तो नंबर लावतही होता.

"ओस्मो, राहू दे," बाबा म्हणाले.

"का राहू दे?" त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

सोसायटीच्या मॅनेजर केत्तुनेन बाई सभेच्या तयारीत असाव्यात, मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. त्यांनी ओस्मोचं सगळं ऐकून घेतलं.

"माझी चूक नाहीये ती," त्या म्हणाल्या. "माणसं बदलली की राहणाऱ्यांनी कळवायचं असतं. तरी मार्चमध्ये मी स्वतः तुमच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, दोन. मेमध्ये जिन्यात भेटले तेव्हा परत विचारलं. म्हणाले, दोनच. आता मी काय घरात शिरून माणसं मोजू?"

फोन बंद झाल्यावर रेडिएटरमधून पाणी गेल्याचा बारीक आवाज ऐकू आला.

ओस्मोचा चेहरा बदलला. राग गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. तो बाबांकडे असं बघायला लागला जसं आपण अनोळखी म्हाताऱ्याकडे बघतो, रस्ता चुकला असेल का म्हणून.

"बाबा," तो हळू म्हणाला, "आज तारीख काय आहे?"

"तेरा. नोव्हेंबर. गुरुवार. पंतप्रधानांचं नावही विचार, ते मात्र मी मुद्दाम विसरलोय."

"आई कुठंय?"

"ओस्मो," मी आणि तुइरे एकदमच म्हणालो.

बाबा खिडकीपासून वळले. "नव्या दफनभूमीत, तिसऱ्या ओळीत, बर्चच्या या बाजूला. कलशाच्या दोन दोऱ्या होत्या. एक माझ्या हातात, एक तुझ्या. तुझी आधी सुटली."

ते खरं होतं. जूनमध्ये, जमीन मऊ झाल्यावर, राखेचा कलश खाली सोडताना त्याची दोरी निसटली होती आणि कलश खड्ड्यात थोडा कलता बसला होता. आम्ही कोणी कधी त्याबद्दल बोललो नव्हतो.

"बँकेत मी एक सांगितलं," बाबा म्हणाले. "पेन्शनवाल्यांना एक. दवाखान्यात, वाचनालयात, चर्चच्या कचेरीत, टेलिफोनवाल्यांकडे. सगळीकडे मीच गेलो, कागद घेऊन. सगळीकडे बाई मान कलती करायची, वाईट वाटलं म्हणायची आणि कीबोर्डवर दोनदा टकटक करून तिला काढून टाकायची. एकच जागा मी ठेवली. बावीस युरो पडतात. मी सिगारेट ओढत नाही, दारू सौनापुरती. मला परवडतं."

आत्याने नाक पुसलं. "वेडा नाहीयेस तू, अर्वी. मूर्ख आहेस, पण तो लहानपणापासूनच."

"म्हणून मी विचारतो," ओस्मो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता आणि तो सावरायला तो अधिक कोरडा बोलत होता. "आज माहीत आहे की तुम्ही मुद्दाम करताय. आणखी दोन वर्षांनी मला कसं कळणार मुद्दाम की विसरून? मी तिकडे, हेल्का तिकडे. फोनवर तुम्ही म्हणाल सगळं ठीक आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचा? मला काहीतरी हातात पाहिजे, बाबा. दोनाचं एक करा. मी सही करतो."

"सहीला अट घालू नकोस," तुइरे म्हणाली.

"तू माझ्या बाजूने होतीस."

"होते. आकड्यांपर्यंत."

बाबांनी साखरेचं भांडं उचललं, खालचं पत्र काढलं, त्याची नीट घडी घातली आणि ते ओस्मोच्या कपाशेजारी ठेवलं.

"मग राहू दे तुझी सही," ते म्हणाले. "नुसतं बसून ऐकायला कोणाचं अधिकारपत्र लागत नाही." त्यांनी स्वेटर बदलला, विहिणीकडे निघाल्यासारखा भांग पाडला आणि सहाला पंधरा मिनिटं असताना जिना उतरले. मी त्यांच्या मागे गेले.

धुण्याच्या खोलीशेजारच्या त्या खोलीत साबणाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. पंचवीसेक माणसं होती, बहुतेक बाबांच्या वयाची. निम्मे त्यांच्याबरोबर लाकूड गिरणीत होते. सगळ्यांचा चेहरा दवाखान्याबाहेर बसलेल्यांसारखा होता. समोर कॉफीचा थर्मास होता आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं. ए जिन्यातल्या एका बाईने मला विचारलं, "तुमच्या ताम्पेरेला काय पडतं गं महिन्याला?" मी सांगितलं. तिने तो आकडा शेजारणीला सांगितला, शेजारणीने पुढे. मला वाटतं त्या संध्याकाळी तो आकडा पाच-सहा मतं फिरवून गेला.

केत्तुनेन बाईंनी आधी हजेरी घेतली. बी-१२ आल्यावर त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "नुसता बसलोय." त्यांनी काही न विचारता पुढचं नाव वाचलं.

मग एका पाटीला लावलेली यादी फिरू लागली. जानेवारीपासून पाण्याचा दर बदलणार, तेव्हा घरात किती माणसं ते प्रत्येकाने तपासून द्यायचं. पाइप बदलले गेले तर घरोघरी मीटर बसतील, त्या म्हणाल्या, मग माणसं मोजायची गरज नाही, पाणीच मोजू. तोवर ही यादी.

मागचं दार उघडून ओस्मो आत आला, आणि त्याच्यामागे तुइरे. बसायला जागा नव्हती, दोघं भिंतीशी उभे राहिले.

यादी बाबांच्या हातात आली. बी-१२, आणि पुढे छापलेला दोनाचा आकडा. त्यांनी खिसे चाचपले. "माझा चष्मा," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी तो खाली ओढून दिला. पलीकडचे गृहस्थ पाटीसाठी हात पुढे करून बसले होते, त्यांनी तो हळूच मांडीवर घेतला आणि छताकडे बघू लागले. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आईने त्यातल्या निम्म्या घरांतल्या मुलांचे मोजे विणले होते.

बाबांनी दोनावर रेघ मारली. एकच रेघ, आडवी, पट्टीने ओढल्यासारखी. शेजारी एक लिहिलं. बराच वेळ ते त्या एकाकडे बघत राहिले, जणू त्याचं काहीतरी अजून लिहायचं राहिलं आहे. मग त्यांनी पाटी पुढे दिली.

मला माहीत आहे की त्यात चुकीचं काही नव्हतं. नऊ महिने त्या घरात एकच माणूस राहत होतं. पण आईला शेवटच्या यादीतून काढताना मी तिथे होते, आणि चष्मा मीच दिला.

ओस्मो भिंत सोडून आला. त्याने खिशातून पत्र काढलं, बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून सही केली. खाली टेकू नीट नव्हता म्हणून ती सही त्याची वाटत नव्हती. "हे लागेल," तो म्हणाला. बाबांनी पत्र घेतलं, मागे न बघता हात उंच केला आणि म्हणाले, "केत्तुनेन बाई, बी-१२ मत देणार आहे."

ठराव चौदा घरांनी मंजूर झाला, अकरा विरोधात. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या मनात महिन्याचा नवा आकडा मांडत उठले. आता मात्र थर्मास लगेच रिकामा झाला.

वर आलो तेव्हा आत्याने टेबल आवरलं होतं, पण ऑक्टोबरचं पान तसंच होतं. नव्वद, आठशे सदुसष्ट, दोन हजार पाचशे दहा, तीनशे एकोणऐंशी. बाबांनी पेन्सिल घेतली, तीनशे एकोणऐंशी खोडून तीनशे सत्तावन्न केले आणि कोट खुंटीला लावला.

मग ते सिंकपाशी गेले. बाह्या वर केल्या, नळ पूर्ण सोडला आणि पहिला मासा धारेखाली धरला. आई धरायची तसा. त्यांना ते जमत नव्हतं, खवले मनगटावर चिकटत होते. पाणी धो धो वाहत होतं, शिंतोडे खिडकीपर्यंत उडत होते.

ओस्मो त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. लहानपणापासून नळ वाहता दिसला की तो बंद करणारा तो एकटाच आमच्या घरात. त्याचा हात नळापर्यंत गेलाही.

"मीटर बसायला सव्वा वर्ष आहे," बाबा म्हणाले. वर बघितलं नाही.

ओस्मोने हात मागे घेतला, खणातून दुसरी सुरी काढली आणि एक मासा उचलला. दोघांच्या मध्ये धार पडत होती. आत्या खुर्चीवरून म्हणाली, डोकी आधी काढा रे, डोकी आधी. कोणी नळ बंद केला नाही.